नेपथ्य नेमके कुठे असते?

नाटकाच्या जाहिरातीत 'नेपथ्य' या शब्दापुढे ज्याचे नाव असते, त्याने रंगमंचावरचा दिवाणखाना, जिना, खिडकी उभी केलेली असते. संस्कृत संहितेत मात्र 'नेपथ्ये' असे आले की आवाज आतून, रंगपटातून येतो आहे असे समजायचे. तिथे नेपथ्य म्हणजे नटाचा वेश आणि तो चढवण्याची खोली. प्रेक्षकाला दिसू नये अशा जागेचे नाव आपण त्याच्या डोळ्यांसमोर मांडलेल्या वस्तूला दिले. असे होते, कारण नाट्यसंज्ञा मुळात रंगमंचाच्या बांधणीतून येतात आणि बांधणी बदलली की त्यांचा अर्थही सरकतो. म्हणून शालेय व्याख्या पाठ करून त्या हाती लागत नाहीत, शब्द कोणत्या मंचावरचा हे आधी विचारावे लागते.

हे पडताळून पाहायला उज्जैन फार चांगले. शूद्रकाचे 'मृच्छकटिक' घडते ते याच उज्जयिनीत. दहा अंकांचे हे प्रकरण, म्हणजे राजा किंवा देव नायक नसलेले, कल्पित कथेचे रूपक. चौथ्या अंकात मैत्रेय हा विदूषक नायिका वसंतसेनेच्या घरात शिरतो आणि एकामागून एक आठ चौक ओलांडतो. आजच्या अर्थाच्या नेपथ्यकाराला हे आठ चौक उभे करणे अवघडच. शूद्रकाला त्याची गरजच नाही. विदूषक चार पावले चालतो, पाहिल्याचे वर्णन करतो आणि चौक बदलतो. दहाव्या अंकात चांडाळ नायक चारुदत्ताला वधस्थानी नेतात, तेव्हा थांबून थांबून दिलेल्या दवंडीतून सारे शहर त्या रिकाम्या मंचावर उभे राहते. नट रंगभूमीवर येतो, तेवढाच तिथे 'प्रवेश'. स्थळ बदलायला पडदा लागत नाही, नटाची चाल पुरते.

मराठीत 'प्रवेश' म्हणजे अंकाचा तुकडा झाला. रंगवलेल्या पडद्यांच्या रंगभूमीवर स्थळ बदलायचे तर पडदा बदलणे आले, आणि दोन पडद्यांमधल्या भागाला नाव हवे होते. 'अंक' शब्दाचेही तसेच. नाट्यशास्त्रकार भरताच्या नियमाप्रमाणे अंकातले कार्य एका दिवसाचे, मधले महिने विष्कंभक किंवा प्रवेशक ही अंकांना जोडणारी छोटी दृश्ये सांगणार. आज ते काम बहुधा मध्यंतर आणि प्रकाशयोजना करतात. सूत्रधाराने तर दोनदा रूप पालटले. संस्कृतात तो प्रस्तावना करून निघून जातो. १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' करणाऱ्या विष्णुदास भाव्यांचा सूत्रधार मात्र शेवटपर्यंत उभा राहून पदे गातो, कारण कथा पुढे नेण्याचा भार त्याच्याच गळ्यावर आहे. १८८० च्या 'संगीत शाकुंतल'मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पदे पात्रांच्याच तोंडी दिली आणि सूत्रधार पुन्हा आरंभापुरता उरला.

यावर कोणी म्हणेल, ही पंडितांची उठाठेव आहे, प्रेक्षकाला शब्द न कळताही नाटक रंगते. रंगते, हे खरेच. पण न रंगलेले नाटक का पडले, हे सांगायला शब्दच लागतात. 'मृच्छकटिका'त स्थळे फार बदलतात, ही तक्रार पडदा-प्रवेशाच्या हिशेबाने केलेली असते. चालण्याच्या हिशेबाने ती उरतच नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: संस्कृत शब्दच मोजले तर लोकनाट्याचे काय? त्याचे उत्तरही उज्जैनमध्येच सापडते. माळव्याचा 'माच' हा मंचावरून आलेला शब्द. बालमुकुंद गुरूंसारख्या रचनाकारांनी तो याच शहरात वाढवला. मोकळा उंच चौथरा, गाण्यातले 'बोल', ढोलक आणि सारंगी. आरंभी भिश्ती येतो, पाणी शिंपडल्याचा अभिनय करतो. मग फर्राशीण येऊन जाजम अंथरते. संस्कृत नाटकाआधीच्या पूर्वरंगात रंगभूमी सिद्ध करायची असते. इथे तेच काम झाडलोटीच्या रोजच्या हालचालींनी होते, आणि प्रेक्षकांसमोर होते. 'पूर्वरंग' शब्द माचवाल्यांना ठाऊक असो वा नसो, तो कशासाठी असतो हे भिश्तीची पखाल पाहताना जितके कळते तितके टीकाग्रंथातून कळत नाही.

कार्तिकी एकादशीपासून उज्जैनला कालिदास समारोह भरतो. १९५८ पासूनची ही प्रथा. दिवाळीनंतर लगेच तिथे जाणाऱ्याने एवढेच पाहावे: आतून पहिला आवाज आला की तो कोणत्या बाजूने येतो, आणि नट स्थळ बदलताना किती पावले टाकतो.