पायाखालची नक्षी

भिलाईच्या सेक्टर 2 मधील क्वार्टरमध्ये नोकरीचा सारा काळ घालवलेले एखादे मराठी कुटुंब निवृत्तीच्या सुमारास स्वतःच्या घराचा नकाशा पुढ्यात घेते, तेव्हा फरशीचा विषय हमखास रंगतो. क्वार्टर पडले कंपनीचे; तेथे हौसेला मर्यादा असते. स्वतःच्या वास्तूत मात्र भविष्यनिर्वाह निधीची पुंजी ओतायची असते. भिंतींचा रंग पाच वर्षांनी बदलता येतो, बसवलेली फरशी उकरणे सहसा परवडत नाही. म्हणूनच चकचकीत, एकरंगी फरशीवर शिक्कामोर्तब करण्यापूर्वी मूरिश वळणाच्या नक्षीदार फरशीचा विचार अवश्य करावा.

711 साली उत्तर आफ्रिकेतून स्पेनमध्ये उतरलेल्या मुसलमानांना युरोपात 'मूर' म्हणत. ग्रानाडाच्या अल्हंब्रा राजवाड्यात त्यांच्या कारागिरांनी झिलईदार रंगीत तुकड्यांतून चांदण्या, बहुकोन व गुंफलेल्या पट्ट्या साकारल्या. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या गृहिणीला हे गणित नवे नाही. एक घर साधले की तेच चहूकडे वाढवत न्यायचे. पोर्तुगीजांनी ही कला उचलली. त्यांचा 'अझुलेजो' हा शब्दही मुळचा अरबीच. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेत जोर्जे कोलासो यांच्या 1935 सालच्या निळ्या अझुलेजो फरश्या पाहावयास मिळतात. मात्र त्यांवर भौमितिक नक्षी नसून पोर्तुगीज महाकाव्यातील प्रसंग आहेत.

या फरश्या भाजलेल्या मातीच्या व झिलईच्या, म्हणजे प्रामुख्याने भिंतीच्या. जमिनीवर शोभते ती सिमेंटची नक्षीदार फरशी. 19व्या शतकात फ्रान्समध्ये रुजलेल्या या तंत्राला मुंबईत स्वदेशीची जोड मिळाली ती 1922 साली, सिधवा कुटुंबाने 'भारत फ्लोअरिंग्ज अँड टाइल्स' ही कंपनी काढली तेव्हा. मुंबईतील अनेक जुन्या घरांत अशी फरशी अजून टिकून आहे.

तिची कृती मोठी रंजक आहे. साच्यात बसवलेल्या धातूच्या जाळीच्या कप्प्यांत रंगीत सिमेंटची पातळ लापशी ओततात, जाळी अलगद उचलतात, वर सिमेंट व वाळूचा थर देऊन दाब देतात. भट्टी नाहीच, पाण्यावर मुरवूनच फरशी पक्की होते. रंगाचा थर काही मिलिमीटर जाड असल्याने वापराने नक्षी पुसली जात नाही, उलट तुळतुळीत होते.

संपूर्ण घरभर नक्षी घालणे खर्चिक, आणि डोळ्यांनाही जड. बैठकीच्या मधोमध गालिच्यासारखा एक चौक पुरतो. सभोवती साधी फरशी चालते. आठ इंची फरशी घेतल्यास चार फूट रुंद व पाच फूट चार इंच लांब चौकाला सहा गुणिले आठ, म्हणजे 48 नग लागतात. चार फरश्यांचे एक फूल धरले तर बारा फुले पुरी उमलतात. संख्या विषम झाली की कडेचे फूल अर्धे कापले जाते आणि ते कायम खुपत राहते. गवंड्याने सिमेंट कालवण्यापूर्वी सर्व फरश्या कोरड्याच मांडून पाहाव्यात. पाच-सहा नग जादा घेऊन ठेवावेत, कारण पुढे तोच रंग मिळेलच असे नाही.

स्वयंपाकघरात मात्र ही फरशी टाळलेली बरी. हळदीचा डाग तिच्यात मुरतो. लिंबू, चिंच व सफाईचे ॲसिड तिचा पृष्ठभागच खातात. ओट्यामागील भिंतीला झिलईदार नक्षीच योग्य. गावाकडचे जुने घर पाडताना तेथील फरश्या निघाल्याच, तर राडारोड्यात जाण्याआधी शाबूत तेवढ्या वेचून घ्याव्यात. देवघरापुढच्या छोट्या चौकाला सोळा पुरतात.