रात्री दहाला नेट बंद? आधी घड्याळ बघा

फायरवॉलच्या नियमाला वेळ आणि वार जोडता येतात. मुलांच्या टॅबचं इंटरनेट रात्री १० ते सकाळी ६ बंद, ऑफिसचं गेस्ट वायफाय रविवारी बंद, असं. घरच्या राउटरमध्ये हीच सोय बहुधा ‘पेरेंटल कंट्रोल’च्या नावाखाली असते.

गोची होते ती घड्याळाची. लिनक्सच्या आयपीटेबल्स या फायरवॉलमध्ये नियमाची वेळ मुळात यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे धरली जाते आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे! म्हणजे ‘२२:०० ते ०६:००’ असं सरळ लिहिलंत, तर बंदी पहाटे साडेतीनला सुरू होऊन सकाळी साडेअकराला उठेल. पोरं खूश, घरून काम करणारे आईबाबा हैराण. शिवाय बऱ्याच स्वस्त राउटरांत घड्याळाची बॅटरी नसते. वीज जाऊन आली की एनटीपीकडून, म्हणजे नेटवरच्या वेळ सांगणाऱ्या सेवेकडून, वेळ मिळेपर्यंत ते भलत्याच तारखेत असतात.

मध्यरात्र ओलांडणारा नियमही फसवा. ‘सोमवार, २३ ते १’ म्हटलं, तर आयपीटेबल्स सोमवारच्याच दिवसाचे दोन तुकडे धरतं: पहाटेचा एक तास आणि रात्रीचा एक. सलग वेळ हवी असेल तर वेगळा पर्याय द्यावा लागतो.

आणि दहाच्या आधी सुरू झालेला व्हिडिओ? चालू जोडण्यांना मुभा देणारा नियम यादीत वर असेल, तर व्हिडिओ दहानंतरही बिनदिक्कत चालू राहतो. वेळेचा नियम त्या मुभेच्या नियमाच्या वर हवा.