'पेन्शन आहे, फ्लॅट आहे, मग कसली काळजी?'

घरात कुणी निवृत्त झाले की नातेवाइकांच्या तोंडी हे वाक्य हमखास येते. मुंबईत मुलुंड-घाटकोपर असो की अंधेरी-बोरिवली, कितीतरी घरांत त्यातला एकही भाग हिशेबाला टिकत नाही.

पेन्शन म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो जुन्या नियमांतला सरकारी नोकर: निम्मा पगार आणि वर्षातून दोनदा वाढणारा महागाई भत्ता. लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या किंवा अंधेरी एमआयडीसीतल्या कारखान्यांत राबलेल्यांची पेन्शन वेगळी. ती 1995च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेची, ईपीएस-95ची. तिचे सूत्र असे: पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले 70. पगार मात्र ठरावीक मर्यादेपर्यंतच धरतात. 2014 पर्यंत ती मर्यादा 6,500 रुपये होती, नंतर 15,000 झाली. 2010 साली निवृत्त झालेल्या कामगाराची 1995 नंतरची 15 वर्षे घ्या. 6,500 गुणिले 15 भागिले 70, म्हणजे महिना 1,393 रुपये. या पेन्शनला महागाई भत्ता नाही, त्यामुळे दूध, औषधे, वीजबिल वाढत गेले तरी आकडा तिथेच थांबला. तो गेल्यावर पत्नीला साधारण निम्मी पेन्शन. किमान रक्कम सप्टेंबर 2014 पासून 1,000 रुपये आहे. भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने 2013 मध्येच ती 3,000 करा असे सांगितले होते. पुढे कोश्यारी महाराष्ट्राचे राज्यपाल होऊन गेले, किमान पेन्शन हजारावरच राहिली. बुलढाण्याच्या कमांडर अशोक राऊत यांचे आंदोलन आज 7,500 रुपये आणि महागाई भत्ता मागते आहे.

'आमचेच पैसे आम्हाला परत मिळतात' हाही गैरसमज. कामगाराचे 12 टक्के त्याच्या नावावर पीएफमध्ये जमा होतात. पेन्शनसाठी मालकाच्या वाट्यातले 8.33 टक्के, म्हणजे आज जास्तीत जास्त 1,250 रुपये, आणि केंद्राचे 1.16 टक्के एका सामाईक निधीत जातात. आयुर्मान वाढल्याचा ताण पडतो तो इथे. 58व्या वर्षी पेन्शन घेऊ लागलेला माणूस 85 वर्षे जगला, तर निधीला 27 वर्षे देत राहावे लागते. दुसरीकडे, 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी 1.7 मुले जन्मतात. म्हणजे उद्याचे वर्गणीदार कमी. वाढीव पेन्शनची मागणी मला पूर्ण न्याय्य वाटते, पण ती या निधीवर ढकलून भागणार नाही. सरकारला तिजोरीतूनच पैसे घालावे लागतील.

'गरिबांना श्रावणबाळ योजना आहेच की.' आहे, महिना 1,500 रुपयांची, 65 वर्षांपुढच्यांसाठी. पण अट कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची आहे, 21,000 रुपयांच्या आत. मुलगा सिक्युरिटी गार्ड असला तरी आई अपात्र ठरते.

आता आजारपण. 'सत्तरीनंतर पाच लाखांचे आयुष्मान कार्ड मिळते.' ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्नाची अट न ठेवता मिळते, आणि ते जरूर काढावे. मात्र ते रुग्णालयात दाखल होण्यापुरते. अर्धांगवायूचा झटका येऊन गेला, डिस्चार्ज मिळाला, की खरा खर्च सुरू होतो. बारा तासांची मावशी, डायपर, एअरबेड, फिजिओथेरपी. मावशीचे दिवसाला 800 रुपये धरले तरी महिन्याचे 24,000 होतात. ते कार्डातून मिळत नाहीत, सहसा मेडिक्लेममधूनही नाहीत. जर्मनीने 1995 मध्ये आणि जपानने 2000 मध्ये या दीर्घकालीन देखभालीसाठी वेगळा सक्तीचा विमा सुरू केला. आपल्याकडे तसा नाही.

मग ही देखभाल करते कोण? 'हल्ली सगळे म्हाताऱ्यांना वृद्धाश्रमात टाकतात' असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच इमारतीत चार दारे वाजवून पाहावीत. आजी-आजोबा घरातच असतात, आणि त्यांना उठवणारी, भरवणारी, पुसून काढणारी बायको, सून नाहीतर मुलगी असते. त्यापायी तिची नोकरी लवकर सुटली तर तिची स्वतःची पेन्शनही बुडते, कारण ईपीएसला किमान दहा वर्षांची सेवा लागते. शिवाय अनेक वृद्धाश्रमांना माणूस चालता-फिरता हवा असतो. अंथरुणाला खिळलेल्याला तिथे जागा नसते. पंतनगर किंवा डी. एन. नगरच्या लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या आजींना डॉक्टरकडे नेणे म्हणजे खुर्चीत बसवून चौघांनी खाली उतरवणे. फ्लॅटची किंमत कोटीची, आणि तोच फ्लॅट त्यांना डांबून ठेवतो.

त्या फ्लॅटबद्दलचा समज सर्वांत महाग पडतो. 'मुलाच्या नावावर करून टाकला, आता तो बघेल.' 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम 23 फ्लॅट परत मिळवून देऊ शकते, पण ते सांभाळण्याच्या अटीवर दिलेल्या मालमत्तेला लागू होते. ती अट सिद्ध करावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटले. जानेवारी 2025च्या निकालात न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचला, तरी कोर्टाच्या उदारपणावर राहत्या घराचा भरवसा ठेवू नये. बक्षीसपत्रावर सही करण्याआधी 'देणाऱ्याचा आयुष्यभर सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द त्यात आहेत का ते पाहा, आणि नसतील तर वकिलाला लिहायला लावा.