दक्षिणेचा पैसा व विश्रामबागवाडा

पुण्यांतील विश्रामबागवाड्याविषयीं जें लिखाण आढळतें तें बहुधा शके १७४० पाशीं, म्हणजे पेशवाईच्या अखेरीपाशीं, येऊन थांबतें. दुसऱ्या बाजीरावानें हा वाडा बांधविला, इ. स. १८०७ च्या सुमारास तो पुरा झाला, त्यास सुमारें दोन लक्ष रुपये लागले, आणि १८१७ च्या नोव्हेंबरांत धन्यानें पुणें सोडिलें, इतकी हकीकत सर्वांस ठाऊक आहे. परंतु हिशेब करून पाहिलें तर बाजीरावाची वस्ती येथें फार तर दहाअकरा वर्षें झाली, आणि वाडा उभा राहून आतां दोनशें वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. मधल्या काळांत पुण्यांतील पेशव्यांचे मोठमोठे वाडे एकामागून एक गेले. हाच कां राहिला, हा प्रश्न इतिहासप्रेमी मंडळींनीं क्वचितच विचारिला आहे. आमच्या मतें त्याचें उत्तर केवळ सुतारकामाच्या मजबुतींत सांपडणार नाहीं. तें दक्षिणेच्या पैशांत व त्या पैशावर चाललेल्या पाठशाळेंत शोधिलें पाहिजे.

दक्षिणा म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. विद्वान् ब्राह्मणांस श्रावणमासीं द्रव्य वांटण्याची ही प्रथा सेनापति खंडेराव दाभाडे यांनीं तळेगांवीं सुरू केली. इ. स. १७३१ त डभईच्या लढाईंत त्रिंबकराव दाभाडे पडले, त्या घराण्याचें तेज उतरलें, आणि ही वांटणी पेशव्यांनीं आपल्याकडे घेतली. पुढें पर्वतीच्या पायथ्याशीं रमणा बांधण्यांत आला. त्या आवारांत दूरदूरच्या प्रांतांतून आलेले ब्राह्मण कोंडले जात व एका दारानें एकेकास बाहेर सोडतांना हातावर दक्षिणा पडे. शास्त्री व वैदिक यांची परीक्षा होऊन त्यांस योग्यतेप्रमाणें रक्कम मिळे ती निराळी. म्हणजे एकाच नांवाखालीं दोन गोष्टी चालत होत्या. एक सरसकट दानधर्म, व दुसरी विद्येची पारख. हा भेद लक्षांत ठेविला नाहीं तर पुढील हकीकत नीट उलगडत नाहीं. उत्तरपेशवाईंत या कामीं दरसाल कित्येक लक्ष रुपये खर्ची पडत.

राज्य गेल्यावर हा खर्च एकदम बंद करावा तर शास्त्रीपंडितांचा वर्ग कायमचा दुखावणार, आणि तसाच चालवावा तर कंपनी सरकारच्या हिशेबांत तो बसणार नाहीं, अशा पेंचांत माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन सांपडला होता. त्यानें रमण्यांतील सरसकट वांटणी बंद केली, परीक्षेची दक्षिणा ठेविली, आणि एकंदर रक्कम सालिना पन्नास हजार रुपयांवर आणिली. एल्फिन्स्टनच्या औदार्याची स्तुति आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. तींत राजकारणाचा भाग किती, हेंही सांगितलें पाहिजे. नवें राज्य स्थिर करण्यास पन्नास हजार रुपये ही महाग किंमत नव्हती. तथापि हेतु कांहींही असो, त्या रकमेंतून एक संस्था उभी राहिली. एल्फिन्स्टन मुंबईस गव्हर्नर झाल्यावर दक्षिणेंत कमिशनर असलेल्या विल्यम चॅप्लिन यानें ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं पुण्यास संस्कृत पाठशाळा उघडिली. इंग्रजी कागदांत तिला हिंदु कॉलेज म्हटलें आहे. तिचा खर्च दक्षिणेच्या निधींतून चालावयाचा व तिची जागा विश्रामबागवाडा, असें ठरलें.

जागेची निवड सहज झाली असावी. वाडा सरकारजमा झालेला, शहराच्या मध्यभागीं, नवा, आणि मालकावांचून रिकामा. त्यांतील चौक, त्यांभोंवतालच्या पडव्या व माडीवरील दिवाणखाने यांत वेगवेगळ्या शास्त्रांचे पाठ एकाच वेळीं चालविण्यास अडचण नव्हती. ज्या सुरूच्या खांबांखालीं व केळफुलांच्या नक्षीखालीं बाजीरावाचे समारंभ झाले, त्यांखालीं व्याकरण, न्याय, धर्मशास्त्र, वेदान्त, अलंकार व ज्योतिष यांचे अध्यापक बसूं लागले. विद्यार्थ्यांस दरमहा वेतन मिळत असे. पुण्याची ती वेळ मोठी कठीण होती. दरबार मोडला, सरदार आपापल्या गांवीं गेले, आश्रितांस आश्रय उरला नाहीं. अशा उतरत्या शहरांत शास्त्राध्ययन करणाऱ्या घराण्यांस जो थोडाबहुत आधार राहिला, तो या वाड्याच्या दारांतून मिळत होता.

येथें इमारतीच्या बाजूनें विचार करूं. वाडा लांकडाचा, विटांचा व मातीचा. अशा इमारतीस रिकामेपणासारखा दुसरा शत्रु नाहीं. दरसाल मृगापूर्वीं कौलें चाळून घ्यावीं लागतात. एक पन्हळ तुंबली तर पाणी भिंतींत मुरतें, भिंतींतून तुळईच्या तोंडाशीं येतें, आणि ओल आली कीं वाळवी येतेच. माणूस राहता असेल तर पहिल्या गळतीस ओरड होते. कोणी नसेल तर तुळई खालीं येईपर्यंत कोणास कळत नाहीं. पाठशाळा भरत होती म्हणून छप्पर सांभाळणें सरकारास भाग पडलें. विद्यार्थी बसावयाचे तेथें पाणी गळूं देऊन चालत नाहीं. उलट शनिवारवाड्यास असें नित्याचें व आपलेपणाचें काम लाभलें नाहीं. इ. स. १८२८ च्या फेब्रुवारींत त्यास आग लागली ती कित्येक दिवस धुमसत राहिली व आंतील इमारती नाहींशा झाल्या. तट, बुरूज व दरवाजे तेवढे आज पाहावयास मिळतात. आगीचें कारण रिकामेपण होतें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु जळाल्यावर तो पुनः उभारावा अशी गरज कोणास वाटली नाहीं, हें मात्र खरें.

पाठशाळेचा पुढील इतिहास मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस परिचित आहे. मेजर टॉमस कँडी तिचा प्रमुख झाला. मोल्सवर्थच्या कोशकार्यांतील त्याचा हात सर्वश्रुत आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकर याच पाठशाळेंत शिकले. दक्षिणेच्या निधीसंबंधीं मात्र या काळांत मोठा वाद माजला. नव्या लोकांस दक्षिणा देणें सरकारनें बंद केल्यामुळें दरसाल कांहीं रक्कम शिल्लक पडूं लागली, आणि ती कोणत्या कामीं लावावी हा प्रश्न निघाला. इ. स. १८४९ त लोकहितवादी व इतर तरुण मंडळींनीं सरकारकडे अर्ज केला कीं, हा पैसा मराठींत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस बक्षीस म्हणून द्यावा. जुन्या मंडळीस हा धर्मादायाचा अपहार वाटला व शहरांत बराच क्षोभ झाला. जोतीराव फुले तरुणांच्या बाजूस उभे राहिले. अखेर तरुणांचें म्हणणें मान्य होऊन १८५१ त दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. पुढें जोतीरावांच्या मुलींच्या शाळांसही याच निधींतून दरमहा पंचाहत्तर रुपये मिळूं लागले, आणि १६ नोव्हेंबर १८५२ रोजीं त्यांचा जाहीर सत्कार मेजर कँडीच्या हस्तें झाला तो विश्रामबागवाड्यांतच. केवळ ब्राह्मणांकरितां काढलेला पैसा व केवळ पेशव्याकरितां बांधलेली वास्तु, दोहोंचाही विनियोग तीस वर्षांत किती बदलला, हें या एका प्रसंगावरून ध्यानांत येईल. एखादें दान कशासाठीं होतें याचा अर्थ दर पिढीनें नव्यानें लाविला म्हणूनच तें टिकलें. वाद करणारांनीं दक्षिणा बुडविली हा जुना आरोप आम्हांस मान्य नाहीं.

१८५१ सालींच पाठशाळा व सरकारी इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झालें. १८६४ त त्याचें नांव डेक्कन कॉलेज पडलें, व १८६८ त तें सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लक्ष रुपयांच्या देणगीच्या साह्यानें बांधलेल्या येरवड्याच्या इमारतींत गेलें. वाडा मात्र रिता पडला नाहीं. तेथें सरकारी हायस्कूल भरत राहिलें. दक्षिणेचा उरलेला निधि फेलोशिपांच्या रूपानें कॉलेजाबरोबर चालला. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे तरुणपणीं दक्षिणा फेलो होते.

मग १३ मे १८७९ ची रात्र आली. त्या रात्रीं बुधवारवाडा व विश्रामबागवाडा या दोहोंस आग लागली. वासुदेव बळवंत फडके यांचें बंड त्या वेळीं ऐन भरांत होतें, तेव्हां संशय साहजिकच तिकडे गेला. चौकशीअंतीं निघालें तें निराळेंच. सरकारी पुस्तकांच्या डेपोंतील एका कामगारानें आपली अफरातफर झांकण्यासाठीं हें कृत्य केलें होतें. शाळांच्या पुस्तकांचा हिशेब चुकविण्यासाठीं पेशव्यांचे दोन वाडे पेटविले गेले! बुधवारवाडा समूळ गेला, आणि तेथें असलेल्या, १८४८ त स्थापन झालेल्या नेटिव्ह जनरल लायब्ररीचीं पुस्तकेंही गेलीं. विश्रामबागेचा कांहीं भाग जळाला. तो पुढें लोकवर्गणी व नगरपालिकेची मदत यांतून पुनः बांधण्यांत आला. शनिवारवाडा जळाला तेव्हां जें घडलें नाहीं तें येथें घडलें. साठ वर्षांत शहरांतील पुष्कळ घरांतील मुलें या वाड्यांत शिकून गेलीं होतीं, आणि वर्गणी देणारांस तो बाजीरावाचा वाटत नसून आपला वाटत होता.

या पुनर्बांधणीमुळें वास्तुसंशोधकांनीं एक सावधगिरी बाळगली पाहिजे. वाड्यांतील प्रत्येक खांब, महिरप व तक्तपोशी १८०७ ची समजून तींवरून पेशवेकालीन सुतारकामाविषयीं अनुमानें काढूं नयेत. कोणता भाग आगींतून वांचला व कोणता मागाहून घातला, हें दुरुस्तीचे कागद पुढें ठेवून जागोजाग ठरविलें पाहिजे. पुढें नगरपालिकेचा व कांहीं काळ महानगरपालिकेचाही कारभार येथून चालला; त्या वेळच्या फेरफारांचीही अशीच नोंद व्हावयास हवी.

पोथीसंग्राहकांस अधिक महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. सरकारी हस्तलिखितांचा जो मोठा संग्रह डेक्कन कॉलेजांत होता व जो १९१८ त भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे आला, त्यांतील दोन गट आजही ‘विश्रामबाग’ याच नांवानें, पहिला व दुसरा असे, ओळखले जातात. ब्यूलर, कीलहॉर्न, भांडारकर व पीटर्सन यांनीं १८६६ नंतर गांवोगांव हिंडून पोथ्या मिळविल्या. त्यांचे गट सालवारीनें आहेत. विश्रामबागेचे गट सालानें नव्हे तर वास्तूच्या नांवानें राहिले आहेत. अमुक क्रमांक, विश्रामबाग पहिला, असा निर्देश सूचींत वाचतांना आपण एका वाड्याचें नांव वाचीत आहों, याचें भान फार थोड्यांस असतें. पोथ्या गेल्या तरी पत्ता मागें राहिला.

डेक्कन कॉलेजाविषयींही दोन शब्द. १९३४ त मुंबई सरकारनें काटकसरीच्या सबबीवर तें बंद केलें. माजी विद्यार्थी व जीजीभाई घराणें यांनीं जुन्या देणगीच्या अटींवर बोट ठेवून न्यायालयांत दाद मागितली, आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजीं तें संशोधनसंस्था म्हणून पुनः उघडलें. देणगीपत्रांतील शब्द जपून ठेविले होते म्हणून संस्था व येरवड्याची वास्तु दोन्ही पदरांत पडलीं. दस्तऐवज जपणारांस याहून बोलका दाखला मिळणें कठीण.

आतां कागदांविषयीं. रियासतकार सरदेसाई यांनीं निवडून छापलेले पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड या वाड्याच्या उत्तरायुष्याकरितां उपयोगी पडणारे नाहींत. तीं साधनें पेशवाईबरोबर संपतात. त्यासाठीं मुंबई येथील दप्तरखान्यांतील जनरल व एज्युकेशन खात्यांचे खंड पाहिले पाहिजेत. परंतु सरकारी कागद वरून दिसणारी बाजू सांगतात. खालची बाजू, म्हणजे वेतनाच्या पावत्या, परीक्षेस बसल्याच्या यादी, मुलास पाठशाळेंत घ्यावें म्हणून लिहिलेलीं पत्रें, ही पुण्यांतील, वाईंतील व कोंकणांतील शास्त्र्यांच्या घरीं मोडी दप्तरांत असावयाची. सन १८१८ नंतरचा कागद दिसला कीं तो ‘इंग्रजी अमदानींतला’ म्हणून बाजूस टाकण्याची खोड आपल्या संग्राहकांत जुनी आहे, आणि तींत किती कागद रद्दींत गेले असतील याचा अंदाज करवत नाहीं. ज्यांच्या संग्रहीं पाठशाळेचें नांव असलेली पोथी किंवा दक्षिणेची पावती असेल, त्यांनीं ती कोणत्या घराण्याच्या दप्तरांत व कोणत्या कागदांबरोबर बांधलेली मिळाली याची टीप लागलीच करून ठेवावी, आणि तशी टीप होईपर्यंत जुनें बासन सोडूं नये.