कामावरचा माणूस आणि बढतीची वाट

प्रकल्प चालविणाऱ्या माणसाची उन्नती कोणत्या क्रमाने व्हावी, या प्रश्नाचा निकाल आपल्याकडे सेवाज्येष्ठतेच्या यादीवर सोपविण्याचा शिरस्ता आहे. आणि ज्याने पाया खणला, ज्याने मक्तेदाराशी व मृगाच्या पावसाशी एकाच वेळी झुंज घेतली, त्याला काम ऐन भरात असताना वरच्या हुद्द्याचा हुकूम देऊन दूरच्या कचेरीत दप्तरापाशी नेऊन बसविणे, यालाच आपण बढती म्हणत आलो आहोत. सरकारी बांधकाम खात्यात शाखा अभियंत्यापासून मुख्य अभियंत्यापर्यंत हुद्द्यांची उतरंड असते. माझा आग्रह एकच, आणि तो जुना आहे: बढती कामाच्या जागीच मिळावी.

बढतीची वाट अडली म्हणजे काय होते, याचे जुने उदाहरण पाहा. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजातून बाहेर पडून १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे त्यांनी १९०३ मध्ये बसविले. तथापि इलाख्याचे सर्वोच्च अभियांत्रिकी पद एतद्देशीयास मिळण्याची आशा नव्हती, म्हणून त्यांनी ती चाकरी सोडली. १९०९ मध्ये ते म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ मध्ये दिवाण. मुंबईने घडविलेला माणूस कृष्णराजसागर धरण बांधावयास म्हैसुरास लाभला.

स्वातंत्र्यानंतर कोयनेसारखी प्रचंड कामे उभी राहिली, पदे वाढली, पण बढतीची रीत इंग्रजी अमदानीतलीच राहिली.

खरा पालट कोकण रेल्वेने घडविला. १९६४ च्या वादळात मोडलेला पांबनचा पूल अवघ्या ४६ दिवसांत उभा करणारे ई. श्रीधरन कलकत्त्याची भुयारी रेल्वे, कोचीनची गोदी अशा कामांतूनच रेल्वे बोर्डापर्यंत चढले होते. आणि १९९० मध्ये निवृत्त होताच कोकण रेल्वेच्या नव्या महामंडळाची धुरा त्यांच्या हाती आली. त्यांनी रोह्यापासून मंगळुरापर्यंतच्या मार्गाचे सात विभाग पाडले, प्रत्येकावर एक मुख्य अभियंता नेमला आणि निर्णयाचे अधिकार त्याच्या हाती दिले. मुख्य अभियंत्याचा हुद्दा, जो इतरत्र राजधानीच्या कचेरीत भोगावयाचा असतो, तो येथे महाडला, रत्नागिरीस, कुडाळला, कामाच्या शेजारी बसला! करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा कातळातून गेला, पेडण्याच्या भुसभुशीत मातीने शेवटपर्यंत छळले, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी सबंध मार्ग खुला झाला. एवढे दुर्घट काम सात-आठ वर्षांत पुरे होण्याचे श्रेय पुष्कळांनी यंत्रांना दिले आहे. मी ते आधी या रचनेला देतो.

काही विद्वान सांगतात की, माणूस एका जागी फार काळ राहिला म्हणजे त्याचे हितसंबंध रुजतात, म्हणून बदली हाच शुद्धीचा उपाय. त्यांनी एकदा धरणाच्या कामावर कार्यभाराची देवघेव पाहावी. मी ती पुष्कळदा पाहिली आहे. मोजमाप पुस्तके मोजून दिली जातात, सिमेंटच्या गोण्यांचा साठा नोंदवहीशी ताडला जातो, कोठीच्या किल्ल्या हातात पडतात, दोन सह्या होतात आणि जीप निघून जाते; परंतु डाव्या तीरावरील पायात श्रावणात कोणत्या थरातून पाझर फुटतो, आणि कोणत्या गावच्या पाटलाशी बोलल्यावाचून खाणीचा रस्ता उघडत नाही, हे कोणत्याच नोंदवहीत नसते. नव्या माणसाला ते शिकण्यात एक हंगाम जातो, आणि तो शिकेपर्यंत त्याच्याही बदलीचा कागद निघतो. हितसंबंधांची भीती असेल तर हिशेबतपासणी कडक करावी.

कामावरच्या अनुभवाची ही किंमत खाजगी क्षेत्रही ओळखते. हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत प्रोजेक्ट मॅनेजर, प्रोग्रॅम मॅनेजर, डिलिव्हरी हेड अशा पायऱ्या आहेत, आणि प्रकल्प व्यवस्थापकांच्या पीएमपी या प्रमाणपत्राला तेथे मान आहे. त्या परीक्षेला बसावयासही पदवीधराला तीन वर्षे प्रकल्प चालविल्याचा अनुभव दाखवावा लागतो, हे मला रास्त वाटते.

सरकारी खात्याचे आजचे दुखणे मात्र बदल्यांहून निराळे आणि अधिक खोल आहे. मोठ्या कामांवर आता बाहेरचे प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमले जातात. देखरेख त्यांची, वेळापत्रक त्यांचे, आणि खात्याच्या तरुण अभियंत्याकडे उरते ती देयकांची छाननी. ज्याने काँक्रीट पडताना रात्र जागून काढली नाही, तोच उद्या सेवाज्येष्ठतेने मुख्य अभियंता होईल आणि सल्लागाराने पुढे केलेल्या कागदावर सही करील. शिडीची खालची पायरीच आपण काढून घेतली आहे, याचे मला मनस्वी दुःख होते.

मंत्रालयातील जाणत्यांना माझी विनंती आहे की, निदान एवढा नियम त्यांनी करावा: पाया घालणाऱ्या अभियंत्याची बदली काम पुरे झाल्यावाचून करू नये, त्याची बढतीची पाळी मध्येच आली तर पद त्याच्या जागी न्यावे, आणि प्रत्येक नव्या अभियंत्याची पहिली काही वर्षे खात्याने स्वतः चालविलेल्या कामावर जावीत.