मॅच सुरू होण्याआधीच निकाल? ई-स्पोर्ट्समधल्या 'बॅन-पिक'चं गणित समजून घ्या

भोपाळ : मोबाईलवर गेम खेळणाऱ्या पोराला घरात अजूनही बोलणी बसतात, पण सरकारदरबारी चित्र बदललंय. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. पाठोपाठ २०२३ साली मध्य प्रदेशच्या क्रीडा व युवक कल्याण विभागाने राज्याची स्वतःची ई-स्पोर्ट्स अकादमी जाहीर केली. २०२५ च्या ऑनलाईन गेमिंग कायद्यानेही पैसे लावून खेळायचे गेम एका बाजूला आणि ई-स्पोर्ट्स दुसऱ्या बाजूला, असं स्पष्ट वेगळं काढलं. बालाघाट, छिंदवाडा, बैतूल, बुऱ्हाणपूर या मराठी बोलणाऱ्या पट्ट्यातल्या पोरांसाठी भोपाळ ही राजधानी. त्यामुळे आता प्रश्न 'खेळू द्यायचं का' एवढाच उरलेला नाही. स्पर्धा न्याय्य आहे का, हेही विचारावं लागणार.

आणि इथेच 'बॅन-पिक' येतं.

लीग ऑफ लेजेंड्स, डोटा २ यांसारख्या गेममध्ये पाच-पाच जणांच्या दोन टीम असतात. प्रत्येक खेळाडू एक कॅरेक्टर घेतो, आणि प्रत्येक कॅरेक्टरची ताकद वेगळी. मॅच सुरू व्हायच्या आधी दोन्ही टीम आळीपाळीने काही कॅरेक्टर बाद करतात, तो बॅन. उरलेल्यांतून आपापली उचलतात, तो पिक. एकाने घेतलेलं कॅरेक्टर दुसऱ्याला मिळत नाही. हे सगळं काही मिनिटांत उरकतं, पण अर्धी लढाई तिथेच झालेली असते.

आपल्याकडे हे नवीन नाही. गल्लीत क्रिकेटचे गडी वाटून घेताना दोन कॅप्टन समोरासमोर उभे राहतात. एक तू घे, एक मी घेतो. ज्याची पाळी पहिली, तो सगळ्यात भारी बॅट्समन उचलतो, आणि दुसरा तिथूनच कुरकुरायला लागतो. ती कुरकुर खरी असते. हिशेब करून बघा. दहा गडी आहेत, सगळ्यात भारी १० गुणांचा, त्याच्या खालचा ९, असं करत शेवटचा १ गुणाचा. एकाआड एक निवड केली तर पहिल्या कॅप्टनकडे १०, ८, ६, ४, २ म्हणजे ३० गुण जातात. दुसऱ्याकडे २५. गडी दोघांकडे पाच-पाच, तरी पाच गुणांचा फरक.

आता क्रम बदला. पहिल्याने एक घ्यायचा, मग दुसऱ्याने सलग दोन, मग पहिल्याने दोन, असं जात शेवटचा एक दुसऱ्याला. पहिल्याकडे येतात १०, ७, ६, ३, २ म्हणजे २८. दुसऱ्याकडे ९, ८, ५, ४, १ म्हणजे २७. फरक एका गुणावर आला. लीग ऑफ लेजेंड्सच्या मोठ्या स्पर्धांत वर्षानुवर्षं पिकचा क्रम नेमका हाच होता. निळी बाजू एक, लाल बाजू दोन, निळी दोन, लाल एक. मध्ये पुन्हा बॅन होतात. मग लाल एक, निळी दोन, लाल एक.

तो उरलेला एक गुण कुठे जातो? शेवटी घेणाऱ्याला समोरची पाचही कॅरेक्टर दिसत असतात. त्यांच्यावर तोड असलेलं कॅरेक्टर तो शांतपणे उचलू शकतो. म्हणजे एकाला पहिली पसंती, दुसऱ्याला शेवटची नजर. हे दोन्ही तंतोतंत सारखं पडतं का, तर ते गेमवर आणि त्या महिन्याच्या अपडेटवर ठरतं.

बॅन कुणाच्या माथी पडतो?

बॅनची संख्या दोघांना सारखी म्हणून ते समान, असं वाटतं. तिथेच फसगत होते. समजा गेममध्ये एकच कॅरेक्टर बेफाम ताकदीचं आहे. पहिला पिक निळ्याचा, म्हणजे ते त्यालाच मिळणार. म्हणून लाल टीमला आपला एक बॅन त्यावर खर्च करावाच लागतो. निळी टीम मात्र आपले सगळे बॅन मनासारखे वापरते. कागदावर बॅन सारखेच, पण लाल टीमचा एक आधीच गेलेला. अशी दोन कॅरेक्टर असतील तर भांडण नाही, एक याला, एक त्याला. तीन असतील तर फासा उलटतो. निळा एक घेतो, लाल सलग दोन घेतो, म्हणून आता बॅन करायची पाळी निळ्यावर येते. तेव्हा नियम तोच राहिला तरी एका अपडेटने फायदा या बाजूचा त्या बाजूला जाऊ शकतो.

म्हणूनच कोणती बाजू घ्यायची, हे ठरवण्याची रीत महत्त्वाची. कबड्डीत टॉस जिंकणारा कोर्ट किंवा चढाई निवडतो, आणि दुसऱ्या डावात पहिली चढाई समोरच्याची. डोटा २ च्या व्यावसायिक सामन्यांत याहून छान तोड आहे. मैदानाची बाजू आणि पिकचा क्रम या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्यात. एका टीमने त्यातली एक ठरवायची, दुसरी गोष्ट समोरच्याने. भाकर एकाने मोडायची आणि आधी उचलायचं दुसऱ्याने, त्याच जातीची ही वाटणी.

काही गेम हा प्रश्नच टाळतात. व्हॅलोरंटमध्ये एकच एजंट दोन्ही टीमला घेता येतो, तिथे बाद होतात ते मॅप. सात मॅपमधून तीन मॅचच्या लढतीत आधी एक-एक बाद, मग एक-एक पसंतीचा, पुन्हा एक-एक बाद, उरला तो निर्णायक. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भुजच्या तीर्थ मेहताने ज्या हार्थस्टोनमध्ये कांस्य मिळवलं (तेव्हा ई-स्पोर्ट्स प्रदर्शनीय खेळ होता), त्या गेमच्या स्पर्धांत एक साधी पद्धत रूढ होती. दोघांनी आपापले पत्त्यांचे संच दाखवायचे आणि एकाच वेळी समोरच्याचा एक संच बाद करायचा. पाळीच नाही, तर पाळीचा फायदा कुठला?

छोट्या टीमचं दुखणं

मोठ्या स्पर्धांचे नियम जसेच्या तसे जिल्हा पातळीवर आणले की मात्र गडबड होते. शाळा-कॉलेज सांभाळून खेळणाऱ्या पोराला दोन-तीनच कॅरेक्टर नीट जमतात. पाच बॅनपैकी तीन त्याच्यावरच टाकले की तो पोरगा जागेवर गार. याला लबाडी म्हणता येणार नाही, तो डावपेच आहे. पण रोज आठ तास सराव करणाऱ्या टीमला तो परवडतो, गावाकडच्या टीमला नाही. 'फिअरलेस ड्राफ्ट' तर आणखी कडक. २०२५ पासून लीग ऑफ लेजेंड्सच्या मोठ्या स्पर्धांत तो लागू झाला. आधीच्या मॅचमध्ये वापरलेलं कॅरेक्टर पुढच्या मॅचमध्ये कुणालाच नाही. पाच मॅचची लढत शेवटपर्यंत गेली तर पाचव्या मॅचआधी ४० कॅरेक्टर संपलेली असतात. प्रेक्षकांना मजा येते, हे खरं. पण नवख्यांच्या स्पर्धेत हा नियम लावणं म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला थेट नर्मदेत ढकलणं. ज्युनियर गटात बॅन दोन-तीनवर ठेवले तरी पुरे.

दुसरं दुखणं पैशाचं. डोटा २ मध्ये सगळी कॅरेक्टर पहिल्या दिवसापासून फुकट मिळतात. बऱ्याच गेममध्ये मात्र ती महिनोन् महिने खेळून किंवा पैसे मोजून उघडावी लागतात. ज्याच्या खात्यात २० कॅरेक्टर आहेत आणि ज्याच्या खात्यात १००, त्या दोघांना सारखे बॅन देऊन काय उपयोग? आयोजकांनी सगळी कॅरेक्टर उघडी असलेली खाती मिळवावीत. ते जमत नसेल तर दोन्ही टीमकडे असलेल्या कॅरेक्टरांची सामाईक यादी आधी काढून निवड तेवढ्यातूनच करायला लावावी. नुकतंच आलेलं कॅरेक्टर काही आठवडे बाजूला ठेवण्याचीही पद्धत आहे, कारण त्याचा सराव कुणाचाच झालेला नसतो आणि त्यात दोषही निघतात.

राहता राहिलं नेट. पिकला साधारण अर्धा मिनिट मिळतो. तेवढ्यात लाईट गेली किंवा नेटवर्क पडलं तर काय, हे नियमपत्रकात आधी लिहिलेलं नसेल तर भांडण ठरलेलं. बॅन चुकला तर तो बुडाला की पुन्हा द्यायचा? चुकून भलतंच कॅरेक्टर दाबलं गेलं तर दुरुस्ती कुठपर्यंत? समोरच्याने पुढचा पिक केल्यावर दुरुस्ती नाही, ही मर्यादा ठीक, कारण त्यानंतर बदल केला तर समोरच्याचा पत्ता बघून खेळल्यासारखं होतं. बॅन तोंडी किंवा व्हॉट्सॲपवर घ्यायचे असतील तर दोन्ही कॅप्टनचे मेसेज पंचाकडेच जावेत, आणि प्रत्येक मॅचला कोणती बाजू कुणाची होती व जिंकलं कोण, याची वहीत नोंद राहावी. चाळीस-पन्नास मॅचनंतर एकच बाजू सारखी जिंकताना दिसली, तर पुढच्या स्पर्धेआधी क्रमाला हात घालावा लागेल.