पोटातला गोळा कुठून येतो?

महाशिवरात्रीला बीडच्या कंकालेश्वराची यात्रा भरली की आकाशपाळणा उभा राहतो. त्यात बसून तुम्ही वर गेलात आणि माथ्यावरून खाली झुकताना पोटात गोळा आला, तर त्या क्षणी नेमकं काय घडलं असेल? भीती वाटली, हे झालं अर्धं उत्तर. दुसरं अर्धं जास्त नवलाचं आहे. त्या क्षणी तुमचा भार खरोखरच कमी झालेला असतो.

गणित करूनच बघू. पाळण्याच्या चाकाची त्रिज्या 8 मीटर धरा आणि एक फेरा 8 सेकंदांत पुरा होतो असं धरा. यात्रेतला पाळणा रंगात आला की एवढा पळतोच. गोफणीतला दगड जसा दोरीने सतत आत ओढलेला असतो, तसं फिरणाऱ्या माणसालाही कुणीतरी सतत चाकाच्या मध्याकडे ओढत राहावं लागतं, नाहीतर तो सरळ निघून जाईल. माथ्यावर असताना चाकाचा मध्य तुमच्या खाली असतो, म्हणजे ही ओढ खालच्या दिशेने हवी. ती पुरवायला गुरुत्वाकर्षण तिथे तयारच असतं, आणि त्याचा जेवढा भाग या कामी खर्च होतो तेवढी बाकड्याला तुम्हाला वर ढकलण्यापासून सुटका मिळते. आपल्या या पाळण्यात तो भाग जवळजवळ बरोबर निम्मा येतो. 50 किलोच्या माणसाखाली माथ्यावर तराजू ठेवला तर तो 25 किलो दाखवेल. तोच माणूस तळाशी आला की 75. चार सेकंदांत पंचवीसचे पंचाहत्तर, पुढच्या चार सेकंदांत पंचाहत्तरचे पंचवीस, आणि हे सगळं हातात भेळेचा कागद धरून!

आता लंडनच्या नदीकाठचं प्रसिद्ध लंडन आय घ्या. उंची 135 मीटर. पण एका फेऱ्याला अर्धा तास लागतो, त्यामुळे भारात पडणारा फरक शरीराला कळतसुद्धा नाही. शिकागोच्या 1893 च्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिसने उभारलेलं चाक 80 मीटर उंच होतं. 36 डबे, प्रत्येकात 60 माणसं, म्हणजे एका वेळी 2160 जण आकाशात. तेही संथच फिरायचं. ती चाकं शहर दाखवतात, त्यात वाद नाही. पण पोटात गोळा आणण्याच्या कामात आपल्या यात्रेतला पाळणा दोघांनाही सहज मागे टाकतो, आणि हे मी अभिमानाने, गणिताच्या जोरावर सांगतो.

ही करमणूक जुनी किती? पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने 1620 साली आजच्या बल्गेरियातल्या प्लोव्दिव्ह गावी माणसांना बसवून फिरवायची उभी लाकडी चाकं पाहिली आणि लिहून ठेवली. म्हणजे फेरिसच्या आधी पावणेतीनशे वर्षं माणसं पोटात गोळा आणून घेत होती.

पण शरीराला हे कळतं कसं? इथे दुसरं नवल येतं. दोन्ही कानांच्या आत, खोलवर, चुनखडी ज्या पदार्थाची बनते त्याच कॅल्शियम कार्बोनेटचे डोळ्यांना न दिसणारे खडे एका लिबलिबीत थरावर बसलेले असतात. त्या थराखाली केसांसारखे बारीक तंतू असतात. शरीर वेग घेतं किंवा कलतं तेव्हा जड खडे मागे रेंगाळतात, तंतू वाकतात आणि मेंदूला निरोप जातो. याचा अर्थ लक्षात आला का? या यंत्रणेला वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. विमानात ताशी 800 किलोमीटरने जाताना आपण निवांत चहा पितो. पाळण्यात त्याच्या पासंगालाही न पुरणाऱ्या वेगात आपण किंचाळतो. करमणुकीचं कुठलंही यंत्र खरं तर वेग विकतच नाही, बदल विकतं.

पुन्हा यात्रेकडे वळू. साखर कारखान्यांचं गाळप संपून पट्टा पडतो, ऊसतोड कामगार गावी परततात आणि चैत्रात बीड जिल्ह्यातल्या गावोगावच्या यात्रा भरतात. पाळणे या गावाहून त्या गावाला ट्रकमधून जातात. एवढं मोठं चाक सुटं होतं, गाडीत मावतं आणि नव्या मैदानात पुन्हा उभं राहतं. कधी दिवसाउजेडी जाऊन जोडणी बघा. ना पाया खणलेला, ना काँक्रीट ओतलेलं. लोखंडी पायांखाली लाकडी ठोकळे सरकवून सगळा सांगाडा समपातळीत आणतात, कारण आस थोडा जरी कलला तरी प्रत्येक फेऱ्यात तो भार एका बाजूच्या बेअरिंगवर येणार.

आणि संध्याकाळी माणसं बसवताना पाळणेवाल्याकडे नीट लक्ष द्या. एक डबा भरला की तो लगतचा भरत नाही. चाक अर्धं फिरवतो आणि समोरचा भरतो. मग पाव फेरा, मग पुन्हा समोरचा. जाडजूड कुटुंब एका बाजूला बसलं तर त्यांच्या समोर दोन डब्यांत पोरं कोंबतो. कारण चाक दोन्ही बाजूंनी समतोल असेल तर मोटरला फक्त घर्षणाशी झगडावं लागतं. एकीकडे जड झालं तर प्रत्येक फेऱ्यात तो जास्तीचा भार उचलावा लागतो. मग मोटर कुरकुरते आणि चाक हिसके देतं. बलाचा समतोल शाळेच्या पुस्तकात आपण वाचतो. हा माणूस तो नजरेने तोलतो, रांगेत उभ्या माणसांचं वजन अंदाजाने धरून, काही क्षणांत.

पाळण्याशेजारी फळ्यांची ती उभी विहीर असते, मौत का कुआँ. आत गाडी भिंतीवर आडवी धावते. पडत कशी नाही? विहिरीची भिंत चाकांना आत ढकलत असते, कारण वळायला आतली ओढ लागतेच. जितका वेग जास्त, तितकी भिंत जोराने ढकलणार, तितकी टायरची फळीवरची पकड घट्ट होणार. आणि ही पकडच गाडीला खाली घसरू देत नाही. गाडी साधारण 4 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात ताशी 40 किलोमीटरने फिरली, तर स्वाराला भिंतीच्या दिशेने आपल्या वजनाच्या तिपटीहून थोडा जास्त दाब जाणवतो. एवढ्या दाबाला गाडी धरून ठेवायला घर्षण फारसं लागत नाही, रबर आणि लाकूड त्याहून कितीतरी जास्त देतात. स्वार हात सोडून प्रेक्षकांच्या हातातली नोट घेतो, ते बघताना आपला श्वास अडकतो. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने तिथे सगळा हिशेब त्याच्या बाजूचा आहे, जोवर वेग टिकून आहे तोवर. धोका आहे तो बंद पडणाऱ्या इंजिनाचा, फुटणाऱ्या टायरचा आणि ढिल्या फळीचा. म्हणून माझ्या लेखी यात्रेतला सर्वांत मोठा कलाकार तो स्वार, आणि दुसरा, त्याच्या आधी फळ्या आणि बोल्ट तपासणारा माणूस.

आता इथून थेट खोपोलीला जाऊ. 2013 साली मनमोहन शेट्टी यांनी तिथे इमॅजिका हे करमणूक उद्यान सुरू केलं. तिथला नायट्रो हा रोलर कोस्टर स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबियार कंपनीचा, 40 मीटर उंच. डब्याला तळच नाही. निघायच्या वेळी फलाटाची जमीनच पायांखालून सरकते आणि पाय अधांतरी लोंबकळतात. साखळी गाडीला एकदा माथ्यावर नेऊन सोडते. त्यानंतर तिला कुठलंही इंजिन ढकलत नाही. पाच वेळा उलटं व्हायचं, वळायचं, पळायचं, ते सगळं त्या एकदाच चढवलेल्या उंचीच्या जोरावर. 40 मीटरवरून सोडलेला दगड ताशी सुमारे 100 किलोमीटर वेगाने जमिनीवर पोचतो, आणि नायट्रोचा सर्वोच्च वेगही त्याच घरातला आहे. बीडकरांना ही युक्ती परकी वाटू नये. खजाना विहिरीतून भुयारी नाल्यांनी शेतांपर्यंत जाणारं पाणी सोळाव्या शतकापासून पंपाशिवाय, केवळ उतारावर वाहत आलेलं आहे.

पण उलटं होणाऱ्या वेटोळ्याचा आकार कधी निरखला आहे का? ते गोल नसतं! 1895 मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर फ्लिप फ्लॅप नावाच्या गाडीने गोल वेटोळं घातलं आणि बसणाऱ्यांच्या माना दुखावल्या. त्याचं कारण वर्तुळातच दडलेलं होतं. गोल वेटोळ्याच्या माथ्यावर गाडी पडू नये इतपतच वेग ठेवला, तरी तळाशी शरीराला आपल्या वजनाच्या सहापट भार सोसावा लागतो. तोही हळूहळू वाढत नाही, सरळ रुळावरून वर्तुळात शिरताच एका हिसक्यात अंगावर येतो. यावरचा तोडगा टिकाऊ रूपात यायला 1976 साल उजाडलं. कॅलिफोर्नियातल्या रेव्होल्यूशन या कोस्टरसाठी जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगेल याने वेटोळं पाण्याच्या थेंबासारखं आखलं, खाली पसरट आणि वर आवळलेलं. वाकडेपणा सावकाश वाढत जातो, त्यामुळे भारही सावकाश चढतो.

सावकाश वाढत जाणारं असं वळण बघायला खोपोलीपर्यंत जायचीही गरज नाही. 17 सप्टेंबर 2025 रोजी अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे धावू लागली. सरळ रेल्वेमार्ग एकदम वर्तुळाला चिकटवत नाहीत. मध्ये संक्रमण वळण घालतात, म्हणजे उभ्याने प्रवास करणारा माणूस शेजाऱ्याच्या अंगावर जात नाही. माणसाला दचकू न देण्यासाठी रेल्वेच्या अभियंत्यांनी घडवलेली युक्ती माणसाला सुखरूप दचकवण्यासाठी कोस्टरवाल्यांनी उचलली!

नायट्रोच्या डब्याखाली वाकून पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसेल. चाकं तीन जागी असतात: रुळाच्या वर, रुळाच्या कडेला आणि रुळाच्या खाली. खालची चाकं जॉन मिलर या अमेरिकनाने शंभरेक वर्षांपूर्वी आणली. त्यामुळे गाडी रूळ सोडून उडू पाहिली तरी उडू शकत नाही. ही चाकं नसती तर बसलेल्याला सीटवरून अलगद उचलणारे उंचवटे बांधायची हिंमत कुणी केली नसती.

इमॅजिकात मला सर्वांत चकित करणारी राइड मात्र जागची हलतच नाही. मिस्टर इंडिया, 1987 च्या चित्रपटावर बेतलेली. पडद्यावर गाडी सुसाट निघते, तुम्ही पाठीने सीटमध्ये रुतता आणि शपथेवर सांगाल की वेग घेतला. प्रत्यक्षात सीट फक्त मागे कललेली असते. कानातले ते खडे आठवा. मागे कललं तरी ते मागे घसरतात आणि पुढे वेग घेतला तरी मागेच रेंगाळतात. त्यांना हे दोन प्रकार वेगळे करताच येत नाहीत. डोळे सांगतात वेग, खडे म्हणतात चालेल. 1907 साली आइन्स्टाइनला जी कल्पना सुचली आणि जिच्यातून पुढे सापेक्षतेचा व्यापक सिद्धांत उभा राहिला, ती याच जातीची होती: गुरुत्वाकर्षण आणि वेगवाढ यांत आतून फरक कळत नाही. ती कल्पना इथे शाळेच्या सहलीतली पोरं खिदळत अनुभवतात.

सजावटीबद्दल बोलायचं तर बरंचसं फायबरचं आहे आणि काही ठिकाणी ते डोळ्यांना लगेच कळतं. पण राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचरच्या होडीत बसाल तेव्हा एवढं ध्यानात ठेवा की हा राक्षसी डायनासोर कुणा चित्रकाराच्या कल्पनेतला नाही. गुजरातेत रैयोलीजवळ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला त्याची हाडं सापडली आणि 2003 मध्ये राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव मिळालं. ती हाडं ज्या थरांत होती त्यांच्यावर दख्खनच्या लाव्हाचे थर येतात. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी तो लाव्हा पसरला आणि थंड होऊन काळा बेसाल्ट झाला. बीडची बालाघाटची डोंगररांग त्याचीच. तळ्याच्या मधोमध उभं असलेलं कंकालेश्वराचं मंदिर काळ्या दगडाचं, आणि यात्रेतला पाळणा ज्या जमिनीवर ठोकळे लावून उभा राहतो ती जमीनही त्याच लाव्हाची. खोपोलीला त्या प्राण्याचा पुतळा आहे. त्याच्या शेवटच्या काळात वाहू लागलेला लाव्हा बीडला आपल्या पायाखाली आहे.

राहता राहिला नेहमीचा प्रश्न: नायट्रोवर कुठे बसायचं? पुढची रांग माथा ओलांडते तेव्हा मागचे डबे अजून चढावर असतात, म्हणून पुढचे क्षणभर कड्यावर लोंबकळत राहतात आणि खालची जमीन सावकाश बघतात. शेवटच्या रांगेचं उलटं. ती माथ्यावर येते तोवर पुढची अख्खी गाडी उतारावर पडू लागलेली असते आणि ती शेपटाला वेगाने माथ्यावरून ओढून नेते. त्यामुळे सीट खाली सुटते आणि माणूस वर राहतो. दृश्य हवं असेल तर पहिली रांग. पोटातल्या गोळ्यासाठीच गेला असाल, तर शेवटच्या रांगेचा नंबर येईपर्यंत आधीच्या दोन गाड्या खुशाल सोडून द्या.